सगुणाचा चेहरा

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पार्किन्सन. कोल्हापूरहून महिन्यातून दोनदा येणारे मेंदूचे डॉक्टर. वयाने अगदी मुलासारखे! म्हणाले, "सुरुवातच आहे, मावशी. गोळ्यांवर छान चालतं." अर्धी गोळी, दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा तास. मासळीबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही म्हणे. आणि राहायचं रत्नागिरीत!

मग ते मनिषाला समजावत होते. लेक पोफळीहून मुद्दाम आली होती. "हात थरथरण्याआधीच माणूस मंदावतो. बोटं अडखळतात. चेहरा हलत नाही, घरच्यांना वाटतं रुसलंय."

मला एकदम डोळ्यांपुढे सगुणा दिसली.

बुधवार, ८ ऑक्टोबर

पहिली अर्धी घेतली. तासाभरात पोटात ढवळून आलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

लिहूनच टाकते. सगुणा आमच्याकडे अकरा वर्षं कामाला होती. बांगडा साफ करावा तर तिनेच, हात नुसता भिरभिरायचा. शेवटच्या वर्षी एकेका बांगड्याला दहा मिनिटं. बशा हातातून निसटायच्या. मी थट्टा केली तरी चेहरा दगड. गणपतीच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तोंड फुगवूनच काम करायचं असेल तर उद्यापासून येऊ नकोस." तिने हात पुसले. चपला घालायला किती वेळ लावला! मला वाटलं, मुद्दाम. नाटे गावी भावाकडे निघून गेली. दोन वर्षं झाली.

शाळेत कॅथलिक मुली कन्फेशनला जायच्या, जाळीच्या खिडकीआडच्या फादरना आपलं पाप सांगायला. आत जाताना रडवेल्या, बाहेर येताना हलक्या, की लगेच लंगडी खेळायला मोकळ्या. आम्ही हिंदू मुली व्हरांड्यात. मला त्या जाळीच्या खिडकीचा फार हेवा वाटायचा. आता ही वही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी उलटी. पण ब्लाउजची बटणं पहिल्या झटक्यात लागली! इतका आनंद झाला — आणि लगेच लाज वाटली. सगुणालाही कदाचित अर्धी गोळीच पुरली असती.

मनिषा फोनवर म्हणाली, "आई, तुला तरी काय माहीत होतं?"

माहीत नव्हतं. पण विचारलंही नव्हतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

मळमळ सहन होईना, त्यात गरगरायलाही लागलं. कपाटातून चक्करच्या जुन्या गोळ्या काढल्या. घेण्याआधी डॉक्टरांना फोन केला, पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं. ते जवळजवळ ओरडलेच — "ती अजिबात नको! ती रोज, बरेच महिने घेतली तर काहींना तिच्यामुळेच असं होतं. माणूस मंद, चेहरा थिजलेला. हुबेहूब हाच आजार. तुम्ही किती दिवस घेत होतात?"

"मी नाही घेतल्या. एकदाच, दोन दिवस."

मळमळीला त्यांनी दुसरी गोळी सांगितली, आणि बरोबर एक बिस्कीट खायला. मी लिहून घेतलं. फोन ठेवला.

मी नाही घेतल्या. सगुणाला दिल्या. तिला एकदा चक्कर आली तेव्हा. "रोज रात्री एक घे. औषध मधेच सोडायचं नसतं." पाकीट संपलं की मीच नवीन आणून द्यायची. वर्षभर तरी. आणि किती मायेने!

शनिवार, १८ ऑक्टोबर

राजापूरपर्यंत एसटी, पुढे नाट्याला रिक्षा. सगुणा पडवीत बसलेली. ओळखलं नसतं. भाऊ मोरू म्हणाला, "हिची वेणी पण मीच घालतंय आता. बोटां वळत नाय हिची."

"बाय, तुमी?" आवाज अगदी बारीक. चेहऱ्यावर काही नाही.

मी गोळ्यांचं विचारलं. तिने कमरेचा बटवा सोडला, पाकीट काढून दाखवलं. राजापुरातून आणवते. "सोडली नाय, बाय. तुमीच सांगितलाव ना, सोडू नको."

मी म्हणाले, आजपासून बंद. मोठ्या डॉक्टरांना दाखवू. का, ते सांगितलं नाही. तेवढंच सांगायला गेले होते!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मोरू तिला घेऊन आला. डॉक्टरांनी तिची बोटं मिटून-उघडून पाहिली, चालवून पाहिलं. म्हणाले, बहुतेक गोळ्यांमुळेच. बंद झाल्यात, आता दोन-तीन महिन्यांत फरक पडेल. कदाचित पूर्णच सुटेल.

"पण दिल्या कोणी?"

सगुणा म्हणाली, "व्हता एक डॉक्टर."

मला वाचवत होती. मी म्हणाले, "मी दिल्या. हिला हे माझ्यामुळे झालं. आणि वर कामावरून मीच काढलं."

मोरू खुर्चीवरून उठला. म्हणाला, "वा, बाय!" एवढंच. मी सगुणाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. रागावली, दुखावली, की काहीच नाही — कळेना. चेहऱ्याने जे सांगायचं असतं ते मीच बंद करून ठेवलेलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मळमळ थांबली. त्याचीही लाज वाटते.

मंगळवार, २० जानेवारी

नाट्याला गेले. सगुणा अंगणात बांगडे साफ करत होती — भराभर! मला पाहून थांबली. भुवया आवळल्या, नाकपुड्या फुलल्या, ओठ थरथरले. "कशाला आलाव आता? तोंड दाखवायला? जावा!" केवढा राग, चेहऱ्याच्या रेषारेषेत!

मी हलले नाही. डोळे भरून पाहत राहिले.