नाव न घेता मारलेली हाक

१४ जानेवारी
सुटले एकदाची सान क्रिस्तोबाल शहरातल्या त्या कोंदट खोलीतून! मान्वेल, माझा नवरा, म्हणतो, घर फळ्यांचं असलं तरी आपलं आहे. सासूबाईंनी मक्याची पेज करून ठेवली होती. तान्ह्या लोशाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, नाक आमच्याकडचं आणि भोंगा आईकडचा. खरंच, वाटभर बोंबलत आली कार्टी. चढावर ट्रक बंद पडला तेव्हा झऱ्याकाठी गवतावर काय ती झोपली. निघताना मी आपली शालीने जमीन झाडली आणि हाक मारली. लेकराचा जीव तिथेच रेंगाळायला नको. अंग नुसतं आंबून गेलंय.

१७ जानेवारी
लोशा रडतच नाही. सासूबाई म्हणतात, नव्या घराचा गुण. मान्वेल म्हणाला, हिच्या आईलाही लागू दे तो. मेला चेष्टेखोर. तिला पाठीवर बांधून कणसं सोलली. पोरगी केवढी जड झालीय.

२१ जानेवारी
पाजून पाजून गळून गेलेय. हिचं पोट भरत नाही, डोळा मिटत नाही. सासूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "पाश्कू, झऱ्यावर हाक कशी मारलीस गं?"
मी सांगितलं, चल गं बाई, घरी चल, अशी.
"नाव नाही घेतलंस?"
दमले होते हो. राहिलं. तव्यावरची भाकरी करपली तरी त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तिथे जे कोणी बसलं होतं ते उठून आलं, आणि आपली लोशा तिथेच राहिली.

२२ जानेवारी
सकाळीच झऱ्यावर गेलो. सासूबाईंनी मेणबत्त्या लावल्या, धूप जाळला. मी जमीन झाडून म्हटलं, लोशा, ये, इथे राहू नकोस. पाण्याखालून रडणं ऐकू आलं. माझीच लेक ती, तिचा भोंगा मी ओळखणार नाही? पण माझ्या पाठीवर बांधलेल्या हिनेच आधी ओ दिली. स्पष्ट. अजून एक दात नाही तोंडात — इतके दिवस आम्ही हिलाच लोशा म्हणत होतो. नाव हिचं झालं.

२३ जानेवारी
मान्वेल रानात. सासूबाई अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून — हिला पाजवत नाही, माझं दूध नुसतं वाहतंय. माझी लोशा तिकडे उपाशी —

२४ जानेवारी
खूप थकलेय. ही शालीने जमीन झाडतेय. इवल्या हातांनी. हाक मारतेय — पाश्कू, चल, इथे राहू नकोस. नाव बरोबर घेते — झऱ्याकडून रडणं — मी उठले नाही, तरी माझ्याच पावलांनी दारापर्यंत कोण गे