टेकाडावरचा मेहॉ

प्रिय आई,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

दलदलीला मालकाने कुंपण घातलं, आता पाण्यात पडून तरंगणारी मेहॉची आंबट लाल फळं होडीतून जाळीने गोळा करणं कायमचं गेलं, म्हणून तू रडलीस असं थर्मनने फोनवर सांगितलं. पण मी काम करते त्या रोपवाटिकेत मेहॉ कोरड्या जमिनीवरही लगडलाय. नाताळला रोपं घेऊन येते. आपल्या टेकाडावर लावू.

हे ऐकून थर्मन फोनवर हसला. "ताई, होडी टेकाडावर चढवणार? पाण्याशिवाय जाळीत फळं कशी यायची?"

म्हटलं, "गाढवा, झाडाखाली चादर अंथरायची!"

मेहॉच्या जेलीचं पातेलं शेजारच्या लुरलीनला देऊन टाकते म्हणालीस, ते देऊ नकोस. फळं धरायला काही वर्षं लागतील, आणि जेली तूच करायची आहेस.

तुझी हट्टी,
ओडेसा