वेगळं बिऱ्हाड

४ एप्रिल, शनिवार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, पण उभ्यानेच. वाकायला घरात जागा उरलेली नाही, जिकडे तिकडे खोकी. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का?

फोनवर तू दर वेळी विचारतेस, "सगळं नीट ना?" मी "हो" म्हणते, कारण भिंतीपलीकडे जाऊबाई असतात. म्हणून लिहायला बसले.

जागा ठरली. फॅक्टरीपासून चालत जाण्याइतकी जवळ, दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पाणी दिवसभर. समोरच्या गॅलरीत एक आजोबा बनियनवर उभे राहून आमच्या रिकाम्या घराकडे बघत असतात. म्हणजे शेजाराची काळजी नाही. पुढच्या रविवारचा टेम्पो सांगितलाय. पलंग खोलायला सुतार येणार आहे, कारण तो मुळात दारातून आत कसा आला हे कुणालाच आठवत नाही. काचेची भांडी जुन्या चादरींत गुंडाळली. मिक्सर कुणाचा, कपाट कुणाचं, यावरून वाजेल असं वाटलं होतं. काही वाजलं नाही. जाऊबाई म्हणतात, "घेऊन जा गं, मला एवढं काय लागतं." मला तेच जास्त टोचतं.

भांडण कशावरून, असं तू विचारलं होतंस. पाण्याच्या मोटारीवरून, खरंच. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, मोटार बंद केली तेव्हा ह्यांच्या अंगाला साबण होता. शब्दाने शब्द वाढला आणि "मग वेगळे राहा" इथवर गेला. अशी भांडणं या घरात आधीही झाली, सकाळच्या चहाबरोबर विरून गेली. या वेळी नाही विरलं. आता दोघे भाऊ माझ्यामार्फत बोलतात. "त्याला सांग, टेम्पो मागच्या दाराला लाव." तो समोरच उभा असतो.

आमची भिंगरी ठीक आहे. तिचं खोकं तिने अजून भरलेलं नाही.

ताई, हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. तुझ्यापासून काय लपवायचं? भांडण मी लावलं नाही, पण विझवलंही नाही. उलट ह्यांना म्हटलं, "तुम्हाला काही स्वाभिमान आहे की नाही?" मला भाऊ-भाऊ वेगळे व्हायला नको होते गं. मला माझी पोरगी हवी होती. ती तान्ही असताना तिला जाऊबाईंच्या मांडीवर ठेवून मी शर्टांची बटणं तपासायला फॅक्टरीत गेले, ती आजतागायत जातेच आहे. निघते तेव्हा ती झोपलेली, येते तेव्हा त्यांना चिकटलेली. तापात ती त्यांना हाक मारते. त्या 'मोठी आई', मी नुसती आई. मागे तिचा दात पडला, तो मला दोन दिवसांनी कळला. कुणी लपवलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं होतं, एवढंच.

नव्या घरात आम्ही तिघंच असू. मग ती माझ्याकडेच येईल, जाणार कुठे? हे लिहिताना माझी मलाच भीती वाटते.

रविवारी ये. तू असलीस की मी नीट वागते.

तुझी धाकटी

२० एप्रिल, सोमवार

प्रिय ताई,

गुडघ्यांमुळे तुला येता आलं नाही याचं तू वाईट वाटून घेतेस. नको घेऊस. तू नव्हतीस ते बरंच झालं.

पलंग सुटला, फ्रिज चढला, दोरखंड आवळले. जाऊबाई सकाळीच "जरा जाऊन येते" म्हणून बाहेर पडल्या होत्या. त्यांना बघवणार नव्हतं, ते कळत होतं. टेम्पोवाला घाई करू लागला, तशी मी भिंगरीला हाक मारली. उत्तर नाही. मागची खोली पाहिली, माळा पाहिला, शेजारच्या दोन्ही घरांत विचारलं. कुठेच नाही. मग गच्ची. तिथे दादांनी टाकीचं झाकण उचललं आणि ह्यांनी मागून त्यांचा दंड घट्ट धरला. दोघे एकदमच आत वाकले. टाकीत नुसतं पाणी होतं. मी जिन्यातच बसले.

तेवढ्यात जाऊबाई फाटकातून आल्या. एकट्या. हातात भाजीची पिशवी.

मी धावत खाली गेले. "कुठे ठेवलीत तिला?"

"कुणाला?"

"सोंग नका करू. तुम्हाला झालं नाही, म्हणून माझं ठेवून घेणार का?"

टेम्पोवाला, सुतार, शेजारणी, सगळ्यांसमोर. जाऊबाईंनी पिशवी पायरीवर ठेवली. "आधी पोर शोधा," एवढंच म्हणाल्या आणि आल्या पावली शाळेच्या दिशेने गेल्या.

भिंगरी सापडली ती दोघा भावांना. ते एकाच स्कूटरवरून निघाले होते. स्कूटर कुणाची यावरून त्या दिवशी वाद झाला नाही. मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाच्या बऱ्याच पुढे, पाठीवर दप्तर लावून ती नव्या घराच्या वाटेने चालली होती. ट्रक अगदी अंगाला घासून जात होते म्हणे. ह्यांनी विचारलं, "कुठे निघालीस?"

"पायी जमतं का बघत होते. पंपापाशी वळायचं, मग सरळ."

"आम्ही नेणारच होतो ना तुला?"

"नेणार होतात. पण मग मला परत कसं येता येईल?"

ह्यांनी मला हे सांगितलं तेव्हा दादा तोंड फिरवून उभे होते.

जाऊबाई शाळेपासून पळत आल्या असाव्यात, धाप लागली होती. त्यांनी भिंगरीला नळाखाली नेऊन तिचे पाय धुतले. टॉवेल सगळे टेम्पोत होते, म्हणून आपल्या हातरुमालाने पुसले. तिला उचलून टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हणाल्या, "जा. आई वाट बघतेय." माझ्याकडे पाहिलं नाही.

नवं घर छान लागलंय, ताई. पलंगही बसला. मी आठवडाभर रजा घेतली, तिच्यासाठी. पण पोरगी माझ्याकडे पाहुण्यासारखी राहते. पानात पडेल ते संपवते. "हे घेऊ का?" विचारून बिस्कीट घेते. केस विंचरताना दुखलं तर डोळ्यांत पाणी येतं, पण ओरडत नाही. तिकडे कंगवा दिसला की घर डोक्यावर घ्यायची. ह्यांना वाटतं ती समजूतदार झाली. मला तिच्या समजूतदारपणाने झोप लागत नाही.

काल मी तिला म्हटलं, "चल, तुझा रस्ता मला दाखव." ती पुढे, मी मागे. पंपाच्या वळणावर तिने मागे वळून मी येतेय ना ते पाहिलं. फाटक दिसताच जी सुटली, ती थेट आत.

मला पाहून जाऊबाई म्हणाल्या, "या. बसा."

ताई, मी त्या घरात आल्यापासून त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. चहा दिला तोही पाहुण्यांच्या कपबशीत.

मी म्हटलं, "जाऊबाई, मी बोलायला नको होतं ते बोलले. माझी जीभ झडायला हवी होती."

त्या ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत राहिल्या. "खोटं काय बोललात? मला नाहीच झालं. पण मी ठेवून घेतली नव्हती. तुम्ही ठेवून जात होतात, मी सांभाळत होते."

चहावर साय धरली.

शेवटी विचारलं, "शाळा सुटल्यावर ती इथे आली तर चालेल? संध्याकाळी मी येऊन नेईन."

"आणि उद्या पुन्हा मनात आलं, की ही बाई माझं मूल ओढते, तर?"

"येईल मनात," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण आलं की तुमच्याशीच येऊन बोलेन. चारचौघांत नाही."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत भिंगरी कॅरमवरून दादांशी कडाकडा भांडत होती, "चीटिंग! चीटिंग!" तो आवाज मी आठवडाभर ऐकला नव्हता.

"आज राहू दे तिला," त्या म्हणाल्या. "सकाळी शाळेत मी सोडते."

मी एकटी परत आले. आज संध्याकाळी फॅक्टरीतून परस्पर तिला आणायला जायचंय. ती हसत येईल की पाय ओढत, मला माहीत नाही. पाय ओढत आली तरी मी तिला काही म्हणणार नाही, एवढं ठरवलंय. जमेल का, ते तुला कळवीन.

गुडघे दुखायचे थांबले की ये. पण आधी माझ्याकडे नको येऊस. आधी त्यांच्याकडे जा, बस, चहा घे. माझ्या माहेरचं कुणीतरी त्यांच्या दारात मान खाली घालून उभं राहायला हवं, आणि मी एकटी पुरी पडत नाहीये.

तुझी, आणि त्या अजून म्हणू देत असतील तर त्यांचीही,
धाकटी