गव्यांचं सर्व्हिस बुक

ता. मालवण
२० जानेवारी

ती. शंकर भावोजी यांस,

गंगारामचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लिहिण्यापुरता. गुडघ्यांमुळे हल्ली देवालाही उभ्यानेच हात जोडतो, देवाने अजून तक्रार केलेली नाही.) तुमची शुगर, सावित्रीताईची कंबर आणि डोंबिवलीच्या नळाचं पाणी, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत. लक्ष्मी बरी आहे, म्हणजे कालपासून माझ्याशी परत बोलते आहे. आंब्याला मोहर झकास आलाय, म्हणजे यंदा माकडांची चैन आहे. तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा पत्र कशाला लिहितो? तर भावोजी, तुमचा फोन ताई उचलते, आणि ताईला सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारच्या जेवणाआधी आमच्या वाडीत परत येते, तीही चांगली वाढून. म्हणून हे पत्र तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर टाकतोय. वाचून झालं की वर्तमानपत्रात घालून घरी नेऊ नका.

विषय आमच्या विनीतचा. पोरगा पंचविशीत आला आणि त्याच्या हातात दोन कागद पडलेत. एक ओरोसच्या सरकारी कार्यालयाचा : खेळाडूंच्या कोट्यातून कनिष्ठ लिपिक. दुसरा त्याच्या रग्बी संघाचा : आणखी दोन वर्षांचा करार. दोन्हींची शेवटची तारीख एकच, ३१ जानेवारी. एका वेळी दोन गाड्यांत बसता येत नाही, हे चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. आणि पोरगा म्हणतो काय, तर "बाबा, तुमी सांगशात तां करतलंय." हा इतका आज्ञाधारक निघणार हे आधी कळलं असतं, तर लहानपणी मी त्याला अर्धाच मार दिला असता. एवढी मोठी गोष्ट त्याने माझ्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः पोहायला गेला.

हे रग्बीचं खूळ आलं कुठून, ते तुम्हाला ठाऊक नसेल. चार वर्षांपूर्वी वाडीतल्या सारिकाच्या होम-स्टेमध्ये पुण्याचे रग्बीचे कोच जितेंद्र सर उतरले होते. सकाळी किनाऱ्यावर आमची रापण चालली होती. (तुम्हाला शहरात राहून विसर पडला असेल : पन्नास माणसं दोन दोरांना लागून समुद्रातलं जाळं वाळूवर ओढतात, ती रापण.) जाळं आलं, बांगडा बक्कळ होता. विनीतने भरलेली टोपली खांद्यावर मारली आणि धावत सुटला. मध्ये मासे घ्यायला आलेल्या बायका, तीन कुत्रे, फोटो काढणारे पर्यटक आणि पॅरासेलिंगचा एक एजंट. बायकांना हा चुकवून गेला, कुत्र्यांवरून उडी मारली, पर्यटक दोन पडले, एजंट बाजूला झाला, पण टोपलीतला एक बांगडा खाली पडला नाही. जितेंद्र सर माझ्याकडे येऊन विचारतात, हा मुलगा काय करतो? मी खरं ते सांगितलं, काहीच करत नाही. तर म्हणे, असाच पाहिजे होता. तेव्हापासून आमचा मुलगा 'सह्याद्री गवे' नावाच्या संघात आहे. आपल्याकडे गवे भातात शिरले की फटाके लावून हाकलतात. तिकडे पुण्यात त्यांना खाऊपिऊ घालून मैदानात सोडतात आणि लोक तिकीट काढून बघतात.

तर मागच्या महिन्यात मी स्वतः पुण्याला चौकशीला गेलो. पोरगा ज्या धंद्यात आहे त्यात लोकांचं पुढे होतं काय, हे बघायला नको? लक्ष्मीने बेसनाचे लाडू आणि सुके बांगडे बांधून दिले. संघात रिया नावाची आहारतज्ज्ञ मुलगी आहे, तिने लाडू काट्यावर ठेवून वजन केलं, कॉम्प्युटरवर मांडलं आणि मला समजावलं की एक लाडू म्हणजे अर्धा तास धावणं. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे लाडू खाऊन कोणी धावत नाही, झोपतात. तिने डबा जप्त केला. बांगडे मात्र संघाचा कॅप्टन तेवीता याने खोलीत नेऊन इस्त्रीवर गरम केले. (इस्त्री हॉटेलची होती.) मॅनेजर तासभर मजल्यावर वास घेत फिरत होता, कुठे काय मेलंय म्हणून. मी त्याच्याबरोबर फिरत होतो, सहानुभूती म्हणून.

मग मी वही काढली आणि एकेकाचं सर्व्हिस बुक लिहायला घेतलं. कधी लागलात, कायम कधी झालात, बढती कधी, निवृत्ती कधी. जितेंद्र सर दुभाषे. हा तेवीता फिजीचा. आधी साखर कारखान्यात उसाच्या गाड्या मोजायला होता. कोणीतरी त्याला गावच्या मैदानात बघितलं आणि न्यूझीलंडला नेलं. तिथून सोडलं. मग फ्रान्सच्या एका खेड्यात, तिथे क्लबचा अध्यक्ष खाटीक, चांगला खेळलास की मटण मिळायचं. मग जपान, तिथे कंपनीचा संघ, सकाळी फायली लावायच्या आणि दुपारी मैदानात डोकी लावायची. मग रोमानिया, आता पुणे. पाच देश, सात संघ. भावोजी, एसटीत एवढ्या बदल्या फक्त साहेबाच्या थोबाडीत मारलेल्या माणसाच्या होतात. मी हळूच विचारलं, एवढं काय केलं होतंत? तो म्हणाला, काही नाही, ह्यालाच आमच्यात चांगली कारकीर्द म्हणतात.

दुसरा एक केनियाचा, तो तर उसना आणलाय. खरंच सांगतो. त्याचा मूळ संघ दुसराच, त्यांना सध्या लागत नाही म्हणून सहा महिन्यांसाठी इकडे दिलाय. लग्नाला शेजारचं मोठं पातेलं आणतो ना आपण, बुडाला नाव कोरलेलं, तसं. पोरगा हसतमुख, त्याला त्याचं काहीच नाही. वेल्सचा एक आहे, त्याचं नाक तीनदा मोडलंय, तो सराव झाला की मास्तरकीच्या परीक्षेचा अभ्यास करतो. (ते नाक बघून वर्ग गप्प बसेल यात मला शंका नाही.) आणि ओडिशाचा एक आदिवासी मुलगा, वाऱ्यासारखा पळतो, वसतिगृहात शिकला, तो वाट बघतोय ती फक्त सरकारी नोकरीच्या कागदाची. तेव्हा विनीतचा ओरोसचा कागद नुकताच आला होता. मी फोनवरचा फोटो त्याला दाखवला, तर त्याने दोनदा वाचला, आणि मग माझा फोन शर्टाला पुसून परत दिला. मी वहीत त्याच्या नावापुढे काही लिहिलं नाही.

सगळ्यांच्या सर्व्हिस बुकात एक गोष्ट मात्र सारखी. बत्तीस-तेहतीसला खाली उतरायचं. ग्रॅच्युइटी नाही, सत्कार नाही, शाल-नारळ नाही. थेट गाडी एकालाही नाही, सगळ्यांना कसालच्या तिठ्यावर उतरून दुसरी पकडायची आहे, आणि दुसरी येणार की नाही ते कंट्रोलरलाही माहीत नाही. तेवीता चौतीसचा, त्याचं हे शेवटचं वर्ष. विचारलं, पुढे काय? म्हणाला, गावी आई आहे, एक होडी घेईन, मासे मारीन. मी कपाळावर हात मारला! म्हणजे जगाला वळसा घालून शेवटी समुद्रावरच यायचं, तर आमचा पोरगा समुद्रावर होताच की! यावर तो इतका हसला की खुर्ची करकरली. मग त्याने पँट वर करून गुडघे दाखवले, मी माझे दाखवले. चौतीसच्या माणसाचे गुडघे त्रेसष्टच्या माणसापेक्षा वाईट. माझी कापूर घातलेल्या खोबरेलाची बाटली मी त्यालाच देऊन आलो, म्हणून लक्ष्मी रागावली होती ती.

आता मॅचचं. हे लिहायचं नव्हतं, पण तुमच्यापासून काय लपवायचं. या खेळात चेंडू पुढे फेकायचा नाही. जायचं पुढे, पण चेंडू द्यायचा मागच्याला. म्हणजे रिव्हर्स घेत घेत सावंतवाडी गाठायची. मी पहिल्या रांगेत. सुरुवातीलाच तिघांनी मिळून विनीतला आडवा केला. तो उठला, ओठ फुटलेला, आणि हसत होता. भावोजी, घरात हा मुलगा असा हसलेला मी बघितलेला नाही. असो. शेवटची पाच मिनिटं उरली, आपण चार गुणांनी मागे. चेंडू मागे, आणखी मागे, आणखी मागे, सगळे गवे पाठमोरे कुंपणाकडे येताहेत, मागे बघायला कोणी नाही. आणि माझा हात खिशात गेला. डेपोतली शिट्टी अजून माझ्या किल्ल्यांना आहे. चौतीस वर्षं गाडी रिव्हर्स येताना खाली उतरून ती वाजवली, हाताला काय कळतंय मी रिटायर झालो ते? मी उभा राहून वाजवायला लागलो, ये, ये, ये, ये. तेवढ्यात विनीतने चेंडू घेतला आणि कडेकडेने सुटला, समोर कोणी नाही, शेवटच्या रेघेला दहा पावलं राहिलेली (तिच्यापलीकडे चेंडू टेकवला की पाच गुण), आणि पुढे जाहिरातीचा फळा. मी एक लांब मारली. म्हणजे थांब, आपटशील.

सगळं मैदान थांबलं. विनीतही थांबला. पंच स्वतःच्याच शिट्टीकडे बघत राहिला. मग त्याने काहीतरी मधलाच निर्णय दिला आणि आपण त्या चार गुणांनी हरलो. शिट्टी कोणी मारली याचा शोध सुरू झाला तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे होतो, बाकांखाली वाकून बघत. थांबलास का म्हणून सरांनी विचारलं, तर विनीत म्हणाला, पायात गोळा आला. संध्याकाळी मला एवढंच बोलला, "बाबा, पंचाची शिट्टी येगळी वाजता. तुमची आसा ती माका कळलां, तरी पाय थांबले." लहानपणी तो माझ्या गाडीमागे धावायचा. मी दारातून एक लांब शिट्टी मारली की रस्त्यात जागच्या जागी उभा राहायचा. ते त्याच्या पायांत राहिलंय. आणि एवढं होऊनही गव्यांनी त्याला दोन वर्षांचा कागद दिला, म्हणजे ती माणसं किती बेभरवशाची आहेत ते तुम्हीच बघा.

तेव्हा सगळा विचार करून माझं मत असं, की विनीतने ओरोसला रुजू व्हावं. घरून डबा, रविवारी सुट्टी, डोक्यावर पंखा. नव्या मुलांना जुनी पेन्शन नाही असं लोक सांगतात, पण काहीतरी असेलच, सरकार आहे ते. देवाचाही कौल घेतला, त्याबद्दल खाली लिहितो, इथे जागा कमी आहे. तुम्ही महापालिकेत अख्खी हयात काढलीत, तुमच्या शब्दाला वजन आहे. चार समजुतीच्या ओळी त्याला लिहाव्यात ही विनंती. ताईला नमस्कार सांगा, पण पत्र आलं होतं हे सांगू नका.

आपला मेहुणा,
गंगाराम मेतर

ता. क. : कौलाचं राहिलं. रवळनाथाच्या देवळात आमच्या भाई गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. मी विचारलं, पोराने रग्बी खेळत राहावं काय? उजवी पडली, म्हणजे होय. मी म्हटलं, पंख्याचा वारा. पंखा बंद करून परत लावला, परत उजवी. तिसऱ्यांदा प्रश्न फिरवून विचारला, ओरोसला जावं काय? डावी पडली, तीही ताडकन. मी चौथ्यांदा सांगायला गेलो तर भाई भडकला, "देव काय एन्क्वायरीची खिडकी आसा रे गंगाराम? तीनदा सांगल्यान ना!"

ता. क. दुसरं : वर लिहिलेल्या चार ओळी लिहू नका. त्याऐवजी येत्या रविवारी सकाळी दहाला फोन करा. मी स्पीकरवर ठेवीन, विनीत आणि लक्ष्मी समोर असतील. त्याला सांगा, खेळायला जा. पंचवीस वर्षं मी या घरात कायम नोकरीचं कीर्तन केलंय, माझ्या तोंडून ते निघत नाही हो. काल तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा चहा मागितला. तुम्ही बोलायला लागलात की मी मध्ये पडेन, आवाज चढवीन, तेवीताचे गुडघे काढीन. मला सगळ्यांसमोर झापा. तुम्हाला सवय आहे. पंच्याऐंशी साली मला मुंबईच्या गिरणीच्या कबड्डी संघात बोलावलं होतं, तेव्हा आमच्या वडलांशी, आबांशी, तुम्ही दोन तास भांडला होतात आणि मी दाराआड उभा होतो. आबा हलले नाहीत. मी आबांइतका कठीण नाही. पंधरा मिनिटांत हरेन.

ता. क. शेवटचं : पाकिटात कागदात गुंडाळून शिट्टी ठेवली आहे. तुमच्या कपाटात ठेवा आणि मी मागितली तरी देऊ नका. रविवारी मी कितीही ओरडलो तरी चालेल, पण ३० तारखेला त्याला पुण्याच्या गाडीत बसवायला मालवण स्टँडवर जाईन तेव्हा ती माझ्या खिशात नको. ती वाजली की तो अजून थांबतो.