विमानाचे सात तास

तीर्थरूप बाबा,

तुमच्या शेंडेफळाचा नमस्कार. सध्या वाकता येत नाही, म्हणून उभ्या उभ्याच गोड मानून घ्या.

तुम्ही ताईला म्हणालात म्हणे, "दहाला निघायचं, दीडला पोहोचायचं. साडेतीन तास तर कुणीही बसेल!" बाबा, ते दीड इथल्या घड्याळातले, आणि इथलं घड्याळ साडेतीन तास मागे आहे. अंतर साडेपाच हजार किलोमीटर, विमानात पुरते सात तास. तुम्हाला फसवून बोलवायचं नाही मला.

तुमच्या गुडघ्याची काळजी होतीच. म्हणून रविवारी तुमच्या जावयांनी कमाल केली. स्वयंपाकघरातली अरुंद खुर्ची भिंतीला टेकवली आणि दहा ते पाच तिच्यात बसून राहिले. दर तासाला उठून दारापर्यंत फेरी मारायचे. तिसऱ्या तासाला तर चक्क घोरत होते! पाचला उठले आणि म्हणाले, "पाय आखडतात, पण बाबांना जमेल. कडेची जागा घेऊ, म्हणजे उठता येईल."

मी मजेत आहे. कारखान्यातलं माझं चष्म्याच्या काचा घासायचं काम डॉक्टरबाईंनी बंद करायला लावलंय. बाळ येईपर्यंत पडून राहायचं. घाबरण्यासारखं काही नाही, म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

तुमच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? ताईची पाठ कशी आहे?

नाही जमलं तर मोकळेपणाने सांगा, मी रुसणार नाही. पण खिडकीपाशी तुमचा पलंग मांडून झालाय. आई असती तर तिला विचारावंच लागलं नसतं. तुम्हीही नका विचार करू, बाबा. या.

तुमची,
धाकटी