पितळी ताटलीवरचे ठोके

मलकापूर, गुरुवार, २१ जानेवारी १९६५

यांचं गणित आज जुळलं. हृदयातली वीज कशी भरकटते, ठोके कसे चुकतात, ते सगळं समीकरणात बसलं म्हणे. "तुह्या हृदयाची नस सापडली मले!" असं ओरडत स्वयंपाकघरात आले, चपलांसकट.

माझ्या हृदयाची? दिवाळीत छाती धडधडायला लागली तेव्हाच मी म्हटलं होतं, डॉक्टरकडे न्या. तर म्हणाले, "थांब ना थोडी. औषधानं ठोके सरळ झाले, तं म्या काय मांडू?" तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. यांच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्यात पेन्सिल. नाडी माझी मीच धरायची आणि पितळी ताटलीवर ठोका द्यायचा. अडीच महिन्यांत यांचा हात एकदाही माझ्या मनगटाला लागला नाही.

आठ दिवसांत मी नाडी सोडूनच दिली. समोरच्या जिनिंगमध्ये कापूस अडकला की मशीन अडखळतं, मग एकदम धावतं. ते ऐकायचं आणि ताटली वाजवायची. यांच्या वह्या भरल्या त्या मशीनच्या ठोक्यांनी. पाप आहे का हे? असेल.

आता निबंध लिहून मुंबईला पाठवणार. "छापून आला की अकोल्याच्या डॉक्टरले दाखवू तुले," म्हणाले. मी हो म्हटलं. येऊ दे छापून, चार विद्वानांनी वाचू दे. मग ती ताटली पुढ्यात ठेवून सांगीन.

आत्ता कितीतरी दिवसांनी स्वतःची नाडी धरून पाहिली. तीन ठोके लागले, चौथा आलाच नाही. तेवढा निबंध छापून येईपर्यंत चालत राहा गं बाई. मग खुशाल थांब.