जवळ्याची बाधा

रविवार, २९ जानेवारी १९८४. वाशी
येत्या शनिवारी आईच्या कुत्र्याला लस टोचायची आहे. कुत्रा आईचा आहे. नोव्हेंबरात समोरच्या बांधकामावरून त्याला उचलून मी आणलं, कारण खडीचे ट्रक मागे घेताना कुणी खाली बघत नाही. त्यापलीकडे माझा संबंध नाही. गुंड्या हे नावही आईनेच ठेवलं. मी हाक मारत नाही. तरी तो येतो.
संकल्प: कौतुक करत बसायचं नाही. तुर्भ्याला कंपनीच्या लॅबमध्ये करते तसंच. निरीक्षण, कारण, उपाय.

शनिवार, ४ फेब्रुवारी. सकाळ
लस झाली. डॉ. गोठोसकरांनी अर्धा तास बाकड्यावर बसायला सांगितलं. बसलो. काही झालं नाही. गुंड्याने बाकडं चावलं. कुपीवर बॅच नंबर होता, मुदत होती, डॉक्टरांनी ती फ्रिजमधून काढली. बघून समाधान वाटलं. अशी कामं माझ्यासारख्याच लोकांनी केलेली असतात.

त्याच दिवशी, दुपार
जिन्यात चांगुणाबाई. ही जुहूगावची मासळीवाली. टोपली उतरवायच्या आधी गुंड्याला मूठभर सुका जवळा घालते. आजही घातला. अरं माझ्या राजा, सुई टोचली कं तुला, म्हणाली. मग मला म्हणाली, पोरी, तू पन खा जरा, हाडं दिसतान. मी गुंड्याला वर नेलं.
थोड्या वेळाने गुंड्याचं तोंड सुजलं. ओठ जाड, डोळ्यांच्या नुसत्या फटी. पोटावर पित्त उठल्यासारख्या गांधी. फरशीवर नाक घासत होता. आई घाबरली. मी नाही. थर्मामीटर हातातून पडून फुटलं. हल्ली माल निकृष्ट येतो.
आई म्हणाली, डॉक्टरकडे ने. मी म्हटलं, आधी कारण समजू दे. संध्याकाळपर्यंत सूज आपोआप उतरली.

रविवार, ५ फेब्रुवारी
कारण समजलं. एकीकडे लस: बंद कुपीतली, तपासलेली, थंड ठेवलेली. दुसरीकडे जवळा: रेतीवर वाळवलेला, वर माश्या, कावळे. संशयित उघड आहे.
आई म्हणाली, अगं, जवळा तो दोन महिने रोज खातोय. आईने कुठे काही नोंदवून ठेवलेलं नाही, तेव्हा ते धरता येत नाही.
संकल्प: जवळा बंद.

सोमवार, ६ फेब्रुवारी
चांगुणाबाईला जिन्यातच शांतपणे सांगितलं, तुमच्या जवळ्यामुळे कुत्रा मरता मरता वाचला. 'मरता मरता' हे जरा जास्त झालं, पण समजावताना थोडं ठळक करावं लागतं. ती टोपली डोक्यावर तशीच धरून उभी राहिली. माझ्या हातचा? असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. लस कारखान्यातून तपासून येते, तिचा दोष नाही, हेही सांगितलं. तिच्या घरात सगळी त्यावरच वाढली, असं काहीतरी पुटपुटत खाली गेली. आमच्या मजल्यावर टोपली उतरवली नाही.
सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लावली. उघड्यावर वाळवलेली मासळी जनावरांना घालू नये. अक्षर चांगलं आलं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी
लॅबमधल्या वैजयंतीला केस सांगितली. ती म्हणाली, एका दिवसात दोन गोष्टी झाल्या, तू एकच का धरलीस? मी कारण सांगितलं. ती म्हणाली, सुमेधा, तू जवळ्याची तपासणी केलीस की जवळेवालीची? वैजयंतीला हजरजबाबी दिसायची हौस आहे. परवा तिचंच टायट्रेशन चुकलं होतं.

शनिवार, १८ फेब्रुवारी
दोन आठवडे जवळा नाही, दोन आठवडे सूज नाही. सिद्ध.
जिन्यातली बिऱ्हाडं माणसांसाठीही चांगुणाबाईकडून घेईनाशी झाली आहेत असं आई म्हणते. नोटिशीत 'जनावरांना' असं स्पष्ट होतं. लोक नीट वाचत नाहीत त्याला मी काय करणार.
चांगुणाबाई या बिल्डिंगकडे यायचीच बंद झाली. गुंड्या तिच्या वेळेला दारात जाऊन बसतो. सवय आहे, जाईल. रात्री माझ्या पायावर झोपतो. थंडी आहे म्हणून चालवून घेते.

शनिवार, ३ मार्च. दुपार
सेकंड शिफ्टला गेले नाही. काय झालं ते क्रमाने लिहिते.
सकाळी दुसरा डोस. डॉक्टरांनी सुई भरता भरता विचारलं, मागच्या वेळी काही त्रास? मी नाही म्हटलं. जवळ्याचा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. विचारल्याचंच उत्तर द्यावं. पुन्हा म्हणाले, बसा अर्धा तास. बाहेर गर्दी होती, मला शिफ्ट होती, मागचा अनुभव चांगला होता. निघाले.
दवाखान्याच्या फाटकाबाहेर गुंड्याला उलटी झाली. मग पुन्हा. मग जुलाब. मला पहिला विचार आला तो असा, की याने वाटेत कुठे जवळा खाल्ला. मी रस्त्यावर उकिडवी बसले आणि काडीने उलटी तपासली. भात होता. जवळा नव्हता. पुन्हा तपासली. पानपट्टीवाला ओरडत होता, ओ ताई, काय शोधताय, कुत्रा बघा, कुत्रा!
वर बघितलं तर गुंड्याचे मागचे पाय गेले होते. ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या, घासलेल्या भांड्यासारख्या. उचलून पळाले. चप्पल तिथेच राहिली. मी त्याला हाक मारत होते म्हणे. पानपट्टीवाला नंतर चप्पल द्यायला आला तेव्हा म्हणाला. त्याची ऐकण्यात चूक असेल.
डॉक्टरांनी टेबलावरचं मांजर बाजूला करून याला घेतलं. ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मग दुसरं, मग सलाईन. पाठ माझ्याकडे ठेवून विचारलं, पहिल्या डोसनंतर तोंड सुजलं होतं? मी म्हटलं, हो, पण ते जवळ्यामुळे. त्यांनी वळून बघितलं. बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता, म्हणाले. एवढंच. पुन्हा गुंड्याकडे वळले. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते.
गुंड्याने डोळे उघडायला फार वेळ घेतला. तोपर्यंत मी टेबलाची कड धरून होते, फरशी ओली असल्यामुळे.

रविवार, ४ मार्च
गुंड्या जेवला. थोडं.
डॉक्टरांनी सांगितलेलं लिहून ठेवते. लसीनंतर नुसता मरगळला, टोचलं तिथे दुखलं, तर ते चालतं. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, ही शरीराने दिलेली सूचना. ती तास-दोन तासांनीही येते, म्हणजे बाकड्यावर अर्धा तास निभावला म्हणून सुटलो असं नाही. तोंड सुजलं की त्याच दिवशी दाखवायला आणायचं, आपोआप उतरलं तरी. उलटी, जुलाब, पांढऱ्या हिरड्या, लटपटणारे पाय दिसले तर घरगुती काही करायचं नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही, उचलून पळायचं. पुढच्या वेळी आधी सांगायचं. मग ते ठरवतील कुठली लस टाळायची, कुठली द्यावीच लागेल. आधी ॲलर्जीचं औषध देतील, एका वेळी एकच टोचतील, समोर बसवून ठेवतील.
हे सगळं मला माहीत होतं असं वाटतं. क्रम तेवढा वेगळा लागला.
वैजयंतीला सांगायचं नाही.

सोमवार, ५ मार्च
वैजयंतीला सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं होतं.
फळ्यावरची नोटीस काढली. आई म्हणाली, कागद काढून काय होतंय, त्या बाईला जाऊन सांग. मी म्हटलं, चुकीचा रिपोर्ट दुरुस्त करणं माझं कामच आहे. जाईन. माफी वगैरे मागायचा प्रश्न नाही. दुरुस्ती.

रविवार, ११ मार्च
जुहूगावात गेले. गुंड्या बरोबर होता, पुरावा म्हणून.
चांगुणाबाई ओटीवर जाळं शिवत बसली होती. गुंड्याने तिला बघून दोरी ओढली. तिने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. पदरात गुंडाळला. त्याला माझा हात नको, म्हणाली. जवळा वाळवायचा सोडला हाय म्या. मुका जनावर मेला असता तं, असा पाप कोन घेल.
मी सांगितलं. जवळ्याचा संबंध नव्हता. ते इंजेक्शनमुळे झालं. काही कुत्र्यांना लस सोसत नाही. दुसऱ्या वेळी जवळा नसताना जास्त झालं, त्यावरून सिद्ध होतं.
ती ऐकत होती. मग म्हणाली, डाक्टरची सुई कशी बाधंल? ती तं कारखान्यातशी तपासून येतं, तूच सांगलास ना जिन्यान.
मी पुन्हा सांगितलं, सावकाश. चूक माझी होती, हेही म्हटलं. दोनदा म्हटलं. आवाज जरा वेगळा लागला, वाटेत धूळ फार आहे.
चांगुणाबाई जाळं खाली ठेवून उठली. माझ्या तोंडावरून ओला, खारट वासाचा हात फिरवला. म्हणाली, माना ठाव हाय पोरी. म्हातारीचा मन राखाला इतक्या लांब आलीस. पन माझ्यासाठी खोटा बोलू नको.
तिची सून दारातून म्हणाली, आई, ताई खरा सांगतान. चांगुणाबाई तिला म्हणाली, तू गप. शिकलेली हाय ती, पयल्यांदी सांगलान तेच खरा.
चहा प्यायले. परत आले.
मी कधी कुणाचं मन राखलेलं नाही. चांगुणाबाईला मात्र हे पटलं नाही.